रतमची राखण

रोपं देते की, नाही कुठे म्हणतेय? पण एवढी घाटी चढून आलात आणि उभ्या उभ्या निघायचं म्हणता, हे काही बरं नाही. बसा. चहा टाकते. उन्हं कलली की आमच्या घळीत अंधार लगेच भरतो, तेव्हा दिवा इथे तुमच्याजवळच ठेवते. आज राहा, सकाळी रोपं गाढवावर घालून देईन.

आणि नीट ऐकून घ्या, म्हणजे तुमच्याकडे जाऊन ती मरायची नाहीत. रतम म्हणजे अंगणातला पुदिना नव्हे, वाळवंटातलं झुडूप आहे ते. तिचं बी खड्यासारखं टणक. दगडावर घासून कवच जरा खरवडायचं, वर कढत पाणी ओतायचं आणि झाकून ठेवायचं. सकाळी जे फुगेल ते लावायचं, जे फुगणार नाही ते पुन्हा घासायचं. लावायचं बोरूच्या लांब नळीत, कारण वर कोंब दिसायच्या आधीच तिचं मूळ सरळ खाली धावत सुटतं. आखूड पिशवीत लावलंत तर ते तळाशी वळतं, आणि मूळ वळलेलं झुडूप वर कितीही हिरवं दिसलं तरी एखाद्या उन्हाळ्यात उभ्या उभ्या जळतं. पहिला पाऊस झाला की जमिनीत घालायचं. पहिल्या उन्हाळ्यात तेवढं पाणी द्यायचं, तेही बुंध्याशी नाही. हातभर लांब, गोल आळं करून. मुळानं पाणी शोधत यायला हवं. एकदा ते शिकलं की मग जन्मभर ती कुणाकडे पाणी मागत नाही. पुढे थंडी सरताना पांढऱ्या फुलांनी अशी गच्च भरते की काडी दिसत नाही, आणि मधमाश्यांचा घोष खालच्या विहिरीपर्यंत ऐकू येतो.

हे सगळं मला शिकवलं बिहिकाकांनी. ही पलीकडची भिंत आहे ना, ती आमची आणि त्यांची एकच. त्यांचा मुलगा बेलाइद, सून केल्तूम. तुम्ही नाव ऐकलं असेल बेलाइदचं. पाहुणचारासाठी सगळ्या खोऱ्यात त्याचं नाव होतं. कुणी जेवल्याशिवाय त्याच्या दारावरून गेला नाही म्हणतात. ते कशामुळे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मला आहे, आणि तुम्ही रोपं नेणार, म्हणून तुम्हालाही ठाऊक असायला हवं.

दुष्काळाची वर्षं होती. डोंगरावरचा सगळा ज़ातर, तो रानओवा, वाळून गेला, फुलं संपली. आमच्या गावात भिंतीत बसवलेली बोरूची पोळी होती, शेणामातीनं लिंपलेली, आजोबा-पणजोबांच्या वेळची. एकेक करून ती रिकामी झाली. माश्या उडून गेल्या. तेव्हा बिहिकाका एका मालट्रकात बसून दक्षिणेला गेले आणि वाळूच्या काठावरून रतमच्या शेंगा पोतंभर घेऊन आले. लोक हसले. लोहार म्हणाला, "बिही, वाळवंट आपणहून येतंच आहे की इकडे. तू कशाला आणायला गेलास?"

काका म्हणाले, "येताना फुलं घेऊन येत नाही ते. म्हणून गेलो."

काही वर्षांत वरचा उतार पांढरा झाला. माश्या परत आल्या. ज्यांनी टिंगल केली त्यांच्याही घरात मध आला, आणि मग कुणी हसेना. काकांनी वर दगड रचून एक खोपटं बांधलं, बकऱ्या हाकायला. दर वर्षी ते आणखी एक ओळ लावायचे.

पण म्हातारपण त्यांना फार वाईट आलं. हातपाय धड होते, डोकं गेलं. आधी नावं विसरले, मग वेळ, मग लाज. विजार ओली झालेली त्यांना कळायचं नाही. केल्तूम दिवसातून कितीदा धुवायची. तोंडानं एक शब्द बोलली नाही, पण कपडे वाळत घालायची ते आमच्या गच्चीच्या बाजूला, रस्त्यावरून कुणाला दिसू नयेत म्हणून.

त्या साली बेलाइद आणि केल्तूमच्या मुलीचं, यामनाचं, लग्न ठरलं. मुलगा अगादीर शहरातला, घर मोठं. बोलणी करायला ते लोक आले तेव्हा मी चहा द्यायला होते. बैठकीत सगळे बसलेले, गालिचा नवा, आणि काका दारातून आत आले. वास त्यांच्या आधी आला. सरळ जाऊन मुलाच्या आईशेजारी बसले आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "तू कुणाची गं? तुझं लग्न झालं का अजून?"

ती बाई हसली. खरं तर चांगली होती ती. पण हसता हसता तिनं ओढणीचा पदर नाकाला लावला, आणि ते बेलाइदनं पाहिलं.

माणूस वाईट नव्हता बेलाइद. लोकांसमोर मान खाली जाऊ नये, एवढीच त्याची भूक होती. ती भूकच पुढे त्याला खाऊन बसली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तो वडिलांना म्हणाला, "बाबा, वर बकऱ्या फार व्हायला लागल्या आहेत. यंदाची ओळ अजून कोवळी आहे. राखायला कुणीतरी हवं."

काकांचा चेहरा असा उजळला. कित्येक महिन्यांत त्यांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं. काठी शोधायला लागले. बेलाइदनं गाढवावर पाण्याचे कॅन लादले, भाकऱ्या, तेल, खजूर घातले. मी दारात उभी होते. निघताना त्यानं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला बजावतात तसं बजावलं, "पाहुणे आहेत घरी. ते गेले की मी न्यायला येतो. तोवर खाली यायचं नाही. कळलं ना?"

"पाहुणे गेले की यायचं," काका म्हणाले.

"मी न्यायला येईन."

"हो हो. पाहुणे गेले की."

वाटेनं जाताना ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, विसरू नये म्हणून.

आमच्याकडची लग्नं तुम्हाला माहीत आहेत. अंगणात चुली पेटल्या, ढोल वाजले, बायका गायला लागल्या. आणि दुसऱ्या दिवशी वाळवंटाकडून तो गरम वारा सुटला. दाराला हात लावला तर चटका बसायचा. ओले कपडे पिळून टाकावेत तोवर कडक. बेलाइदला वाटलं केल्तूमनं कुणाला तरी वर पाठवलं असेल, केल्तूमला वाटलं तो स्वतः जाऊन आला. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. विचारायचं तर पाहुण्यांसमोर विचारावं लागलं असतं, आणि मुलाची आई दोनदा म्हणाली होती, "आजोबा कुठे दिसत नाहीत?" तेव्हा बेलाइदनं सांगितलं होतं, ते बहिणीकडे गेले आहेत.

पाहुणे मुलीला घेऊन गेले, गाड्यांची धूळ बसली, आणि तो धावत वर गेला. मागून केल्तूम, तिच्यामागून मी.

काका खोपट्यात नव्हते. शेवटच्या ओळीत, कोवळ्या रोपांच्या मध्ये कुशीवर पडलेले होते. हातात कॅन, रिकामा. तोंडावर माश्या. मधमाश्या, आपल्या पिवळ्या. ओठांवर, डोळ्यांच्या कडांना, जिथे जिथे ओल असते तिथे बसलेल्या. त्या डंख करत नव्हत्या. पाणी पीत होत्या, किंवा शोधत होत्या. केल्तूमनं पदरानं त्यांना अलगद बाजूला केलं तेव्हा उडाल्या आणि पुन्हा तिथेच येऊन बसल्या.

भाकरी तशीच होती. पाणी त्यांनी प्यायलंच नव्हतं, असं नाही म्हणत मी. पण सगळ्या रोपांभोवती ओली आळी होती. हातभर लांब, गोल, नीट. त्यांनी आपलं पाणी रोपांना घातलं होतं.

मी तेव्हा एवढंच पाहिलं. नंतर काकांना न्हाऊ घालणारे मशिदीतले फकीह बेलाइदला बाजूला घेऊन म्हणाले, "यांना जाऊन काल दुपार झाली असेल. अंग सांगतं ते." केल्तूमनं ते मला सांगितलं. मी घरी येऊन विचार करत बसले. त्या वाऱ्यात काल दुपारी घातलेलं पाणी आज दुपारपर्यंत कसं राहील? मी वाकून हात लावला होता त्या मातीला. माझी बोटं भिजली होती.

गावात सांगितलं, म्हातारा हट्टानं वर गेला, ऐकेना. अगादीरला सांगितलं, झोपेत गेले, घरीच. लोक सांत्वनाला आले, 'त्यांच्या आवडत्या जागी गेले' म्हणाले. बेलाइद प्रत्येकाला मान डोलावून 'हो' म्हणायचा, आणि प्रत्येक 'हो'सरशी त्याचे खांदे थोडे खाली यायचे. आमच्यात म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर ठेवणं याच्यासारखी लाज नाही. ती कुणी तोंडावर काढली नाही, म्हणूनच ती त्या घरात राहिली.

त्या उन्हाळ्यात कुणी वर गेलं नाही. रोपं जळणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. थंडी सरताना मी गच्चीवर बसले होते, पाहते तर वरचा उतार पांढरा, आणि शेवटची ओळसुद्धा. त्या ओळीला फुलायला अजून दोन वर्षं तरी हवी होती. रोपं कमरेएवढी झालेली, फुलांनी लवलेली. सगळ्या जुन्या झुडपांवर नसतील एवढ्या माश्या त्या एका ओळीवर.

पोळी वर नेऊन ठेवायची म्हणून आम्ही तिघं निघालो. दुपार होती, ऊन मऊ होतं. मधाचा तो वास तुम्हाला माहीत आहे, आधी गोड आणि मग डोकं जड करणारा. बेलाइद पुढे पोळं खांद्यावर घेऊन चालत होता. आम्ही खोपट्याजवळ आलो आणि माश्यांचा घोष थांबला.

थांबला म्हणजे काय सांगू... माश्या फुलांवर होत्या, पंख हलत होते, पण आवाज नव्हता. माझ्या बांगड्यांचा आवाज मला मोठा वाटला, मी दुसऱ्या हातानं त्या धरल्या.

मग खोपट्यातून कुणी विचारलं,

"बेलाइद... पाहुणे गेले का रे?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, आम्ही निदान पळून तरी गेलो असतो. तो आवाज अदबीचा होता. परक्याच्या घरी दारात उभं राहून विचारतात ना, त्रास होणार नसेल तर... तसा.

बेलाइदच्या खांद्यावरचं पोळं हलायला लागलं. केल्तूमनं त्याच्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. खोपट्याच्या दारात अंधार होता, बाकी काही नव्हतं.

"अरे, गेले का? येऊ का आता खाली?"

बेलाइदचे ओठ हलले. मग तो म्हणाला,

"नाही, बाबा... आहेत अजून."

मग आतून, अगदी समजूतदारपणे, "बरं बरं. असू दे. मी आहे इथे. रोपांना पाणी घालतो तोवर." आणि आत कॅन उचलल्याचा आवाज झाला. भरलेला कॅन उचलताना पाणी जसं आत डुचमळतं तसा.

आम्ही खाली कसे आलो ते विचारू नका. पोळं तिथेच टाकलं. विहिरीपाशी आल्यावर केल्तूमला रडू फुटलं. ती म्हणाली, "हो म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, गेले म्हणून. एवढं पण नाही का देता आलं त्यांना?"

बेलाइद जमिनीकडे बघत होता. "आणि आले असते तर?" तो म्हणाला. "कुठे बसवलं असतंस? काय तोंडानं बोललो असतो मी त्यांच्याशी?"

मी नजर वळवली, कारण अशा वेळी माणसाकडे बघू नये.

संध्याकाळी तो वेशीवर जाऊन उभा राहिला आणि ताटं-भांडी विकणाऱ्या एका फिरत्या माणसाला हाताला धरून घरी घेऊन आला. जेवू घातलं, झोपायला जागा दिली, सकाळी जाऊ देईना. तो गेला तेव्हा दुसरा कुणी आणला. तेव्हापासून त्या घरात पाहुणा नाही असा दिवस गेला नाही. खोटं बोलला होता ना बापाशी. तो ते खरं करत बसला. मेंढपाळ, मुखियाकडे कामाला आलेले, लांबच्या लांबचे सोयरे, वाट चुकलेले. केल्तूमचा हात चुलीवरून निघेना. तिचे केस त्या दोन वर्षांत पांढरे झाले. तिनं एकदा भिंतीवरून मला विचारलं, "इज्जा, हे कुठवर चालणार गं?" मी म्हटलं, "तू सांगून बघ ना त्याला." ती म्हणाली, "सांगितलं. म्हणतो, आज कुणी नसेल तर ते येतील."

आणि लोक त्याची स्तुती करायचे. मशिदीत फकीहांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, दातृत्व शिकायचं तर बेलाइदकडून शिका, बापाचं नाव राखलं यानं. मी बायकांच्या बाजूला बसले होते. जाळीतून मला त्याची मान दिसत होती. कानशिलापर्यंत लाल झाली होती, आणि लोक समजले की विनयानं.

फुलांच्या दिवसांत तो एकटा वर जायचा. जावंच लागायचं. न गेला तर दुपारी ते विचारणं खाली ऐकू यायचं, विहिरीपर्यंत, आणि तिथे बायका पाणी भरत असायच्या. तो वर जाऊन म्हणायचा, "आहेत अजून, बाबा," आणि खाली यायचा. कधी खाली आल्यावर त्याच्या विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले असायचे. वर पाण्याचा थेंब नाही, हे तुम्ही येताना पाहिलंच आहे.

मग एका वर्षी ईद नेमकी फुलांच्या दिवसांत आली. बकऱ्याची ईद. त्या दिवशी परगावी पाहुणा म्हणून कोण जातं? ज्याच्या त्याच्या घरी चूल, ज्याचं त्याचं माणूस. बेलाइद पहाटेपासून वेशीवर उभा होता. शेवटचा पाहुणा, एक म्हातारा मेंढपाळ, आदल्या संध्याकाळीच लेकाकडे निघून गेला होता. बेलाइदनं त्याला थांबवायला काय काय केलं. तो म्हणाला, "अरे बाबा, आज मला माझ्या घरी जाऊ दे. माझा मुलगा वाट बघतोय."

दुपारी बेलाइद परत आला आणि अंगणात मटकन बसला. मी त्यांच्याकडे कलेजीचं ताट घेऊन गेले होते. घर रिकामं होतं. इतकं रिकामं मी ते कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. सगळ्या गाद्या भिंतीला लावून ठेवलेल्या.

वरून आवाज आला. मी ऐकला, त्यानं ऐकला.

तो उठेना. म्हणाला, "आज काय सांगू? आज कुणी नाही."

केल्तूमनं हात धुतले. पदर नीट केला, ईदचा तो पांढरा. मला म्हणाली, "बैठकीत गालिचा घाल. नवा. आणि मधली गादी." आणि ती एकटी वर गेली.

मी गालिचा घातला आणि आमच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले. उन्हं कलायला आली होती. उतार सगळा पांढरा, त्यात तिचा पांढरा पदर मधूनच दिसायचा, मधूनच हरवायचा. वर तिनं काय म्हटलं ते तिनं नंतर मला सांगितलं. ती म्हणाली, "गेले, बाबा. कुणी नाही आता घरी. चुकलो आम्ही. या."

एवढंच म्हणाली. आपण मोठ्यांना म्हणतो तसं, आदरानं. या.

ती खाली आली तेव्हा फार हळू चालत होती. उतारावर मध्येच थांबायची, कुणाला दम खायला द्यावा तशी, हात थोडा बाजूला धरून. तिच्या बाजूला कुणी नव्हतं. मी डोळे बारीक करून पाहिलं, कुणी नव्हतं. ती अंगणात आली, बैठकीच्या दारात बाजूला झाली. बेलाइद उठला. तांब्या आणि तस्त घेऊन मधल्या गादीसमोर गुडघ्यांवर बसला आणि हात धुवायला पाणी घालू लागला. हळूहळू, धार धरून. मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून पाहत होते. तांब्यातून पाणी पडत होतं आणि तस्त कोरडंच होतं. त्याची धार मध्येच कुठेतरी संपत होती.

तो काही बोलत होता. मला ऐकू आलं नाही, आणि ते ऐकायचा मला हक्कही नव्हता. त्याचं कपाळ गालिच्याला टेकलं तेव्हा मी मान वळवली.

वळवली ती उताराकडे.

केल्तूम 'या' म्हणाली होती. एकालाच म्हणाली होती. पण तो शब्द असा आहे की किती जणांनी आपल्यासाठी धरला असेल, कोण जाणे.

पायवाटेनं माणसं उतरत होती. एकामागून एक, रांगेत. सगळी म्हातारी, आपल्याच गावातली, कधीच गेलेली. कुणाच्या हातात काठी, कुणी रिकामा कॅन धरलेला, कुणी पोटाशी गाठोडं. मान खाली, जशी आपण चुकून कुणाच्या घरात शिरलो तर घालतो. माश्यांचा आवाज अजिबात नव्हता. विहिरीपाशी आल्यावर ती पांगली. एक लोहाराच्या बोळात वळला. दोघं मशिदीच्या मागच्या गल्लीत, फकीहांच्या घराकडे. एक बाई मुखियाच्या दारापाशी थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली, थकल्यासारखी. कुठेतरी एक दार उघडलं, आतून कुणी तरी हुंदका दिल्यासारखं झालं, आणि दार मिटलं. गावात ईद होती, घरोघर माणसं होती, पण त्या दिवशी संध्याकाळी कुणी कुणाकडे शुभेच्छा द्यायला बाहेर पडलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला काही विचारलंही नाही. विहिरीवर सगळ्या बायका दोराकडे बघून पाणी ओढत होत्या.

बेलाइद त्यानंतर चार वर्षं जगला. पाहुणे आणायचे बंद केले त्यानं. केल्तूम सांगायची, दोघं जेवायला बसले की तो तिसरं ताट वाढायचा आणि शांतपणे जेवायचा. शेवटी शेवटी तर हसायचासुद्धा. ते घर सुटलं म्हणायचं.

रोपं म्हणाल तर त्या शेवटच्या ओळीचंच बी आहे हे. पाणी फार लागत नाही. हातभर लांब घाला, विसरू नका.

आणि एक. सकाळी निघाल तेव्हा मागच्या दारानं जा. येताना पुढच्या दारानं आलात, मला माहीत आहे, त्या वेळी मी स्वयंपाकघरात होते, नाहीतर अडवलं असतं. उंबऱ्याबाहेर पिवळ्या चामड्याच्या सपाता तुम्ही पाहिल्या असतील. बायकी, टाचा झिजलेल्या, टोकं दाराकडे करून नीट जोडून ठेवलेल्या. तुम्हाला वाटलं असेल, आत कुणी आणखी आहे. नाही. मी एकटीच राहते. ईदच्या त्या संध्याकाळी एक बाई माझ्या दारात थांबली होती. आत यायच्या आधी तिनं सपाता काढल्या, माझा उंबरा खराब होऊ नये म्हणून. कडी वाजवली नाही तिनं. मी आतून कडी घातली.

कोण होती ते विचारू नका. चहा घ्या, निवतोय.

सपाता मी रोज उचलून लांब ओढ्यात टाकून येते. आज सकाळीही टाकल्या होत्या.